पेन्सिलीतलं मराठी

शिवकांताच्या पोटात दुखायला लागायचं ते संध्याकाळी सव्वापाचला. त्या वेळी तिची गंगम्मा शाळेतून यायची, दप्तर खुंटीला लावायची आणि हातपाय धुण्याआधीच सुरू व्हायची, "अव्वा, आज आमच्या बाई काय म्हणाल्या, माहीत आहे का?"

यात पोटात दुखण्यासारखं काय आहे, असं कुणीही म्हणेल. पण जरा आईच्या कानानं ऐका. जूनपर्यंत हीच पोरगी "ठावं हाय का" म्हणायची. पाचवीत गेली, इंग्रजी सुरू झालं, पंचशीलाबाई वर्गावर आल्या आणि दिवाळीच्या आत पोरीच्या तोंडातला 'हाय' उठून गेला, तिथं 'आहे' येऊन बसला. आपल्याच लेकीच्या तोंडात दुसऱ्या बाईची जीभ! हे शिवकांतानं कसं सोसायचं?

मत्सर तसा तिचा जुना सोबती. माहेर उदगीरचं, घरात कानडी, दारात मराठी, आणि पाच बहिणींत ही मधली. मोठीला नवं लुगडं, धाकटीला लाड, आणि मधलीला दोघींचं उरलेलं. तेव्हापासून दुसऱ्याच्या ताटात डोकवायची सवय लागली ती लागलीच. लग्न होऊन लातुरात आली. नवरा सिद्रामप्पा, त्याचं गंजगोलाईच्या बाजारात दोरखंड, सुतळी आणि बैलांच्या घुंगुरमाळांचं दुकान. सासू गुरम्मा, कपाळभर विभूती लावून बसणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. घर चांगलं होतं, पण सवय जाते कुठं? शेजारच्या पार्वतीबाईनं कुकर आणला तेव्हा शिवकांता आठ दिवस तिच्याशी बोलली नव्हती. ती दुखणी मात्र वरवरची होती, आपोआप बरी व्हायची. हे दुखणं बरं होईना.

त्याचं कारण बहात्तरच्या दुष्काळात होतं. त्याच साली गंगम्मा जन्मली. विहिरींचे तळ दिसत होते, गोलाईत टँकर आला की बायका एकमेकींच्या झिंज्या धरत होत्या, आणि रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी घशाखाली उतरत नव्हती. बाळंतिणीच्या अंगावर दूध नाही. महिन्याचं लेकरू पोटाशी बांधून शिवकांता कोसभर लांबच्या मळ्यातल्या विहिरीवर जायची. परत येताना स्वतःचा घसा कोरडा, पण वाटेत थांबून कापसाच्या बोळ्यानं पोरीचे ओठ ओले करायची. गुरम्मा म्हणाली, "पोरीचं नाव गंगम्मा ठिवा. पानी रुसून बसलंय, नावानं तरी घरात येऊ द्या." पुढं दुसरं मूल झालं नाही. ही पोर जगली ती मी जगवली म्हणून, असं शिवकांता मानायची, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं.

आणि पंचशीलाबाईंनी हजेरी घेता घेता त्या नावाचं 'गंगा' करून टाकलं. एक दिवस आजीनं हाक मारली तर पोरगी म्हणाली, "आज्जी, मला गंगा म्हण ना. बाई गंगाच म्हणतात." नावातली अम्माच त्या बाईनं कापून टाकली, असं शिवकांताला वाटलं. त्या दिवशी तिच्या हातून भाजी करपली.

त्यात गावाचंही डोकं फिरलेलं. ब्याऐंशीच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. गुलाल उधळून झाला, पेढे वाटून झाले, आणि मग साहेब लोकांच्या जीपा आल्या, कचेऱ्या आल्या, इंग्रजी पाट्या आल्या. जिल्हा झाला म्हणजे पोराबाळांना इंग्रजी यायलाच पाहिजे, असं ज्याच्या त्याच्या मनानं घेतलं. सिद्रामप्पानं दुकानाची पाटी इंग्रजीत रंगवून घेतली. ती त्याला स्वतःला वाचता येत नव्हती. असल्या दिवसांत इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला काय भाव आला असेल, ते सांगायला नको.

पंचशीलाबाई मुलींकडून एक निराळी वही करून घ्यायच्या. रोज एक वाक्य, बोलण्यातलं. पुस्तकातलं इंग्रजी पुस्तकात राहतं, तोंडातलं कामाला येतं, असं त्यांचं म्हणणं. गंगम्मा शाळेत जाताना ती वही घरी ठेवायची आणि रात्री जेवणाआधी त्यात दिवसाचं वाक्य उतरवायची. शाईनं इंग्रजी अक्षरं, आणि त्यांच्या खाली पेन्सिलीनं मराठीत उच्चार. पहिल्याच पानावर बाईंचा लाल शेरा होता: 'उच्चार मराठीत लिहू नयेत.'

एका दुपारी शिवकांतानं ती वही उघडली. नुसतं बघायला म्हणून उघडली, असं तिनं स्वतःला सांगितलं. सातवीपर्यंत शिकलेली बाई. इंग्रजीचं एक अक्षर ओळखत नव्हती, पण पेन्सिलीतलं मराठी तर वाचता येत होतं. 'टेक युअर टाइम.' तिनं मोठ्यानं म्हणून पाहिलं. चुलीवर भाकरी टाकता टाकता पुन्हा म्हटलं. मग तिच्या मनात आलं की ह्यात काय एवढं? जी भाषा त्या बाईला येते ती आपल्याला का येऊ नये? लेक तिच्यावर भाळली ती ह्या चार वाक्यांसाठीच ना? मग चार आपणही शिकू.

आणि बाई शिकायला लागली! पीठ मळताना एक, धुणं आपटताना एक. पुढं पुढं त्या पेन्सिलीत उच्चाराबरोबर अर्थही येऊ लागले, त्यामुळं तिची गाडी जोरात सुटली. कडबा विकणाऱ्याला तिनं "थँक यू" म्हटलं, तो बिचारा पैसे कमी दिले की काय म्हणून पुन्हा मोजत बसला. सिद्रामप्पा जेवताना घाई करायला लागला की ती तोंडातल्या तोंडात "टेक युअर टाइम" पुटपुटायची. एका पानावर लिहिलं होतं, मांजरं-कुत्री पडल्यासारखा पाऊस पडतोय, म्हणजे धो धो पाऊस. हसू आवरेना म्हणून तिनं ते सासूला सांगितलं, पार्वतीबाईच्या पोरीकडून ऐकलं अशी थाप मारून. गुरम्मा गंभीरपणे म्हणाली, "पडू द्या म्हनावं. पानी पडत असंल तर मांजरं पडली तरी चालतील आपल्याला."

एका पानावर 'नेव्हर माइंड' होतं. खाली पेन्सिलीत अर्थ: 'जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको.' हे वाक्य शिवकांताला मुळीच आवडलं नाही. मनाला लावून न घेणारी माणसं तिला कधी पटलीच नव्हती. पण पाठ केलं.

एवढं करून लेकीपुढं मात्र तिची जीभ रेटेना. चुकलं तर पोरगी हसेल, आणि वर म्हणेल, बाई असं म्हणत नाहीत. ती भीती होती. म्हणून ती सव्वापाचला पूर्वीसारखीच आंबट तोंड करून बसायची आणि बाईपुराण ऐकायची. एकदा गंगम्मा म्हणाली, "अव्वा, बाई बारा वर्षांच्या असताना दुष्काळी कामावर होत्या. आईबरोबर खडी फोडायच्या. तिथला ओव्हरसियर 'हरी अप, हरी अप' ओरडायचा, तेच त्यांचं पहिलं इंग्रजी."

"मग?" शिवकांता फणकारली. "दुष्काळ काय येकट्या तिलाच पडला व्हता? मी काय तवा झोपा काढत व्हते?"

लोक दुसऱ्याच्या सुखावर जळतात. ही बाई दुसरीच्या दुष्काळावर जळली.

शाळेतल्या पालकसभेला तिनं बाईंना पहिल्यांदा जवळून पाहिलं. बावीस-तेवीस वर्षांची सडपातळ पोर, पांढरं पातळ, मनगटावर काळ्या पट्ट्याचं घड्याळ. बोलणं हळू. गंगम्मा बाईंच्या कोपराला कोपर लावून उभी होती, आईच्या नव्हे. परतताना पार्वतीबाई कानाशी लागली, "नावावरून कळलं न्हाई का तुला? बौद्धांची हाय ती. आईबाप रोजगाराला जायचे."

शिवकांताला हे आधी माहीत नव्हतं असं नाही. पण त्या क्षणी तिला बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. एवढे दिवस बाईंच्या बाजूला सगळंच होतं: इंग्रजी, घड्याळ, लेक. आता आपल्याही हातात काहीतरी आलं, असं तिला वाटलं.

मार्गशीर्षातली अमावास्या म्हणजे येळवस. त्या दिवशी अख्खं लातूर ओस पडतं. ज्याला शेत आहे तो आपल्या शेतात, ज्याला नाही तो दुसऱ्याच्या. कडब्याची खोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, भज्जी आणि बाजरीचे उंडे खायचे, आणि वर मातीच्या बिंदग्यातली आंबवलेली आंबील प्यायची. शेतात कुणी वाटसरू आला तरी त्याला हाताला धरून जेवायला बसवायचं. त्या साली गंगम्मानं आईला न विचारता बाईंना बोलावलं. सिद्रामप्पा खूश झाला, "आरं वा, मास्तरीणबाई आपल्या रानात!" गुरम्मा म्हणाली, "येळवशीला आलेलं मानूस उपाशी जाता कामा न्हाई, मग कुनी का असंना." शिवकांतानं चुलीतलं लाकूड जोरानं आत ढकललं.

बाई आल्या. गंगम्मानं त्यांना हरभरा दाखवला, करडई दाखवली, बांधाबांधानं फिरवलं. शिवकांता चुलीपाशी बसून त्या दोघींची पाठ बघत होती. पोरीची बडबड वाऱ्यावरून येत होती. मध्येच पोरीनं बाईंच्या पायातला काटा काढला, मांडीवर पाय घेऊन. आपल्या पायातला काटा पोरीनं कधी काढला, ते शिवकांताला आठवेना. तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

पंगत बसली. जेवणं झाली, आंबील वाटायची वेळ आली. घरच्यांना आणि पार्वतीबाईच्या माणसांना पितळेच्या फुलपात्रांतून आंबील गेली. बाईंची पाळी आली. फुलपात्रं अजून तीन शिल्लक होती. शिवकांता उठली, खोपीशेजारच्या बाभळीला खिळ्यावर अडकवलेला जर्मनचा, म्हणजे ॲल्युमिनियमचा गिलास काढला, त्यात आंबील ओतली आणि बाईंच्या पुढं ठेवून ती चुलीपाशी जाऊन उभी राहिली.

तो गिलास सालगडी व्यंकटीचा होता. वर्षभर तो त्याच खिळ्यावर असायचा. घरचं कुणी त्याला हात लावत नसे. त्या भागात असा गिलास कशासाठी असतो ते शेंबड्या पोरालाही कळतं. आणि खरं सांगायचं तर शिवकांता सोवळ्याओवळ्याची बाई नव्हतीच. दुष्काळात टँकरच्या नळीला साऱ्या गावानं हात लावलेलं पाणी ती घटाघटा प्यायली होती. तिला फक्त एक दगड पाहिजे होता, आणि बापजाद्यांनी तो आयता ठेवलेला होता.

व्यंकटीच आधी बोलला. बिचारा कावराबावरा झाला. "वैनी, त्यो माजा गिलास हाय की."

सिद्रामप्पा आंबिलीत बोट फिरवत बसला. गुरम्मानं सुनेकडं एकदा पाहिलं आणि मान फिरवली. गंगम्मा बाईंच्या पुढचा गिलास हिसकून घ्यायला उठली.

पंचशीलाबाईंनी तिला डाव्या हातानं खाली बसवलं. उजव्या हातानं गिलास तोंडाला लावला आणि आंबील शेवटच्या थेंबापर्यंत प्यायल्या. मग गिलास खाली ठेवून हळूच म्हणाल्या, "नेव्हर माइंड."

पंगतीतल्या कुणालाच ते कळलं नाही. दोघींना कळलं. एक दहा वर्षांची पोर, आणि दुसरी तिची आई. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नको. जिला हरवायला म्हणून शिवकांता एवढी भाषा शिकली, तिचंच हे वाक्य पहिल्यांदा कुणीतरी खऱ्याखुऱ्या कामाला वापरलेलं तिनं ऐकलं. ती न शिकती तर बरं होतं. तिला कळलंच नसतं की बाई तिच्या लेकीला तिच्याच वतीनं समजावताहेत.

त्या दिवसापासून गंगम्मा घरात मुकी झाली. सव्वापाचला यायची, दप्तर अडकवायची, आजीजवळ जाऊन बसायची. बाई काय म्हणाल्या, ते आता सांगत नव्हती. शिवकांताला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं, आणि ते तिला खायला उठलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं वही उघडली. नवी तीन वाक्यं होती. शाईतली इंग्रजी अक्षरं, आणि खाली काहीच नाही. पेन्सिलीतलं मराठी बंद झालं होतं. ती बराच वेळ त्या अक्षरांकडं बघत राहिली. मुंग्यांची रांग बघावी तशी. मग मागची पानं चाळू लागली, आणि तेव्हा तिला दिसलं. सुरुवातीच्या पानांवर मराठी बारीक होतं, कसंतरी खरडलेलं, आणि नुसता उच्चार. एका पानावर कडेला पिवळा डाग होता. हळदीचा अंगठा, तिचाच. त्या पानानंतर पेन्सिलीतली अक्षरं मोठी झाली होती, सुटी सुटी झाली होती, आणि त्यांना अर्थ फुटले होते.

पोरीला सगळं माहीत होतं. आई वाचते हे कळल्यावर ती आईसाठी लिहीत होती. पहिल्या पानावर लाल शाईत मनाई असताना, ज्या बाईंचा शब्द ती खाली पडू देत नव्हती त्या बाईंच्या विरुद्ध जाऊन लिहीत होती. शिवकांता जिच्यासाठी जळत होती ती लेक कुठं गेलीच नव्हती. आता मात्र गेली होती, आणि तिला शिवकांतानंच घालवलं होतं.

संध्याकाळी गंगम्मा वही घेऊन बाईंकडं शिकवणीला गेल्यावर शिवकांतानं डोक्यावरून पदर घेतला आणि निघाली. वाटेत काय बोलायचं ते जुळवत होती. कानडीत जुळेना, मराठीत जुळेना, आणि वहीत त्याचं वाक्य नव्हतं. बाईंची खोली एका चाळीत शेवटची. दार उघडंच. आत सतरंजीवर गंगम्मा आणि आणखी दोघी मुली लिहीत बसलेल्या. आईला दारात पाहून गंगम्माच्या हातातली पेन्सिल थांबली.

"या ना," बाई उठून म्हणाल्या.

शिवकांता आत आली, भिंतीशी टेकून खाली बसली आणि म्हणाली, "बाई, पानी द्या गिलासभर."

त्या भागातली वरच्या जातीची माणसं बौद्धांच्या घरात बसतात, बोलतात, गरज पडली तर पैसेही उसने नेतात. पण पाणी मागत नाहीत. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांनी माठातून गिलास भरून आणला. घरात शिवकांताला वरून प्यायची सवय, ओठाला भांडं लागू न देता. इथं तिनं गिलास तोंडाला लावला आणि सावकाश, सगळं पाणी प्याली. पोर बघत होती. आई शेवटच्या घोटाला अडखळली तेही तिनं पाहिलं.

"पालकसभेनंतर गंगानं मला विचारलं होतं," बाई गिलास परत घेत म्हणाल्या, "अव्वासाठी खाली मराठीत लिहीत असते, चालेल का? मीच हो म्हणाले."

म्हणजे बाईंनाही माहीत होतं. शिवकांताला ती पंगत आठवली. 'नेव्हर माइंड' म्हणताना बाईंनी पोरीचा खांदा धरला होता, पण डोळे पोरीकडं नव्हते. डोळे चुलीकडं होते. ते वाक्य तिला स्वतःलाच म्हटलेलं होतं, तिला कळेल हे ठाऊक असताना, आणि चारचौघांना कळू न देता. शिवकांताला तिथं बसवेना. "चुकलं माजं," एवढंच ती म्हणाली आणि पदर सावरत बाहेर पडली.

आता हिचा मत्सर धुऊन निघाला, असं कुणाला वाटत असेल तर त्यानं सिद्रामप्पाच्या दुकानात जाऊन एकदा सुंभ जाळून बघावा. जळतो, पण पीळ तसाच राहतो. घरी येईपर्यंत तिच्या डोक्यात बाईंच्या फळीवरची पुस्तकं घोळत होती, आणि पोरगी तिथं किती मोकळी बसली होती तेही.

दुसऱ्या दिवशी दुपारी वही चुलीशेजारच्या फळीवर उघडी ठेवलेली होती. कालचं वाक्य इंग्रजीत, खाली मराठी नव्हतं. मग तिनं शेजारचं पान पाहिलं. तिथं लाल शाईत, मोठी, गोल, देखणी अक्षरं एकाखाली एक काढलेली होती, ए पासून, प्रत्येकापुढं ओळभर मोकळी जागा. अक्षर बाईंचं होतं. त्याच्या खाली पेन्सिलीनं, सुट्या सुट्या अक्षरांत लिहिलं होतं: 'अव्वा, हे गिरव. मी संध्याकाळी तपासते. गंगम्मा.'

शिवकांतानं नाव दोनदा वाचलं. हात पदराला पुसले, पेन्सिल घेतली आणि पहिल्या लाल अक्षरावर टेकवली. किती सुरेख अक्षर आहे मेलीचं, असं मनात म्हणून ती जळत होती, आणि गिरवत होती.